कणकण असल्यास विचारावे

"ताप असलेल्या मुलास शाळेत पाठवू"

व्हरांड्याच्या भिंतीवर निळ्या रंगात, वीतभर उंचीच्या सुरेख अक्षरांत एवढंच लिहिलेलं होतं. त्यापुढे खिडकी होती. आणि भिंतीसमोर दोन आया आपापल्या मुलींचे हात धरून ते वाचत उभ्या होत्या.

"बघा, आता शाळाच म्हणतेय पाठवू," त्यांतली एक म्हणाली, "मी उगाच काल हिला घरी ठेवली."

माझ्या छत्रीतून पाणी गळत होतं, पिशवीत बत्तीस वह्या होत्या, तरी मी तशीच उलट पावली फाटकापाशी गेले. तिथल्या टपरीवर एक तरुण कानामागे ब्रश अडकवून चहा पीत होता. बशीतून. फुंकर मारून. अगदी निवांत.

"अहो, भिंतीवरचे नियम तुम्ही लिहिलेत?"

"लिहितोय," तो म्हणाला.

"मग 'नये' कुठे आहे?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग शाळेकडे पाहिलं, आणि हसला. "खिडकी आडवी आली हो बाई. 'नये' खिडकीच्या पलीकडे येणार आहे. तेवढ्यात चहा आला."

"तुमच्या चहापायी उद्या अर्धी शाळा तापानं फणफणत येईल."

"मग चहा टाकून देऊ?"

"प्या की. पण आधी 'नये' लिहा, मग प्या."

त्यानं खरंच बशी टपरीवर ठेवली आणि डोक्यावर वर्तमानपत्र धरून, त्या भुरभुर पावसात आत पळाला. मी वर्गात पोचेपर्यंत 'नये' भिंतीवर आलेलं होतं — बाकीच्या शब्दांपेक्षा थोडं मोठं आणि जास्तच ठळक. टोमणा मला होता, हे कळायला फार हुशारी लागत नव्हती.

अशी आमची ओळख झाली. साल १९८७. कोथरूड तेव्हा अर्धं सोसायट्यांचं आणि अर्धं शेतांचं होतं. शाळेच्या मागच्या खिडकीतून अजून म्हशी दिसायच्या. मी तिसरीच्या वर्गाची शिक्षिका, उल्का. शिवाय आरोग्यप्रमुख. हे पद मला मोठ्या बाईंनी — म्हणजे मुख्याध्यापिका आनंदीबाईंनी — दिलं होतं, कारण सगळ्या शिक्षकांत थर्मामीटर झटकता फक्त मला येत होता. आधीच्या वर्षी कांजिण्यांची साथ आली आणि एका महिन्यात चौथीचा वर्ग अर्धा रिकामा झाला. तेव्हा मी हट्टानं नियम लिहून काढले. मूल घरी कधी ठेवायचं, परत कधी पाठवायचं. एकूण बारा. कागद हरवतात, भिंत हरवत नाही, म्हणून ते भिंतीवर रंगवून घ्यायचे ठरले. आणि पेंटर म्हणून कसबा पेठेतून हा श्रीधर आला.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण ती मी त्या काळात कुणालाही सांगत नसे.

मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. अजिबात नाही. मी नऊ वर्षांची असताना मला गालगुंड झालं होतं. गाल टम्म फुगला होता, ताप होता, पण शाळेत पूर्ण हजेरीचा पितळी बिल्ला मिळायचा आणि वर्ष संपायला फक्त नऊ दिवस उरले होते. मी रडून घर डोक्यावर घेतलं. शेवटी आईनं मफलर बांधून पाठवलं. बिल्ला मिळाला. कान गेला. माझ्या शेजारी बसणारी उषा माझ्यामुळे तीन आठवडे अंथरुणात पडली, ते वेगळंच. डॉक्टर म्हणाले की घरी राहिले असते तरी कान गेला असता किंवा नसता, सांगता येत नाही. पण आईला ते कधी पटलं नाही. ती आजही त्या मफलरबद्दल बोलत नाही.

मी हे लपवायला शिकले. रस्त्यानं चालताना मी नेहमी डाव्या कडेला. वर्गात भिंत माझ्या डाव्या बाजूला. मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमात आई मला सतरंजीच्या अगदी डाव्या टोकाला बसवायची, म्हणजे सगळे पाहुणे उजवीकडे. एका स्थळाला मी आईच्या नकळत खरं सांगून टाकलं. चार दिवसांत 'पत्रिका जुळत नाही' असं कार्ड आलं. पत्रिकेला माझा कान कसा दिसला, देव जाणे. तेव्हापासून मी शहाणी मुलगी झाले होते आणि सत्तावीस वर्षांची झाले तरी गप्प बसत होते.

*

बारा नियम म्हणजे चार दिवसांचं काम. श्रीधरला तीन आठवडे लागले.

"अजून किती?" मोठ्या बाई विचारायच्या.

"अक्षराला शेड द्यायचीय, बाई," तो शिडीवरून सांगायचा.

"अहो, आजाराचे नियम आहेत. सर्कशीची जाहिरात नाही."

"वाचावंसं वाटलं पाहिजे ना."

माझ्या दुपारच्या सुटीत मी व्हरांड्यातल्या बाकावर बसायची. हा आमचा आजारी बाक. ज्या मुलाचं अंग गरम लागेल त्याला तिथे बसवायचं, ताप मोजायचा, घरचं माणूस येईपर्यंत सोबत करायची. बाकाच्या एका बाजूला औषधांचं कपाट, दुसऱ्या बाजूला श्रीधरची शिडी. टर्पेंटाइन आणि डेटॉल यांचा एकत्र वास मला आजही आला, की मान आपोआप शिडी शोधते.

त्याची एक गंमत होती. काही बोलायच्या आधी तो ब्रशच्या दांड्यानं शिडीवर दोनदा टकटक करायचा. पायाला तो हादरा कळायचा आणि मी वर बघायची. मगच तो बोलायचा. काही लोक बोलण्याआधी खाकरतात, हा टकटक करतो, असं मी धरून चालले होते.

टकटक.

"बाई, यात कणकण कुठे आहे?"

"काय?"

"दोन नंबरला लिहिलंय, शंभरच्या वर ताप असेल तर घरी ठेवावे, आणि औषधाशिवाय चोवीस तास ताप आला नाही तरच पाठवावे. बरोबर. पण नुसती कणकण असेल तर? अंग मोडून आलंय, डोळे चुरचुरतायत, काही नकोसं झालंय. त्याचा नियम नाही."

"कणकण थर्मामीटरला कळत नाही."

"म्हणजे थर्मामीटरला जे कळत नाही, ते नसतंच?"

मी हातातला थर्मामीटर झटकला. पारा उतरवायला इतक्या जोरात झटकायची गरज नव्हती. "तुमच्याकडे काय करतात कणकण आली की?"

"आमची आई विचारते. 'काय होतंय रे?' एवढंच. आणि मग उत्तर येईपर्यंत थांबते."

"मला कुणी असं विचारलं नाही बुवा कधी."

"बघा! नियमात नाही ना, म्हणून," तो म्हणाला, आणि एकदम ब्रश बुडवायला वळला. त्याचे कान लाल झाले होते. रंग निळा होता, म्हणजे तो रंगाचा डाग नव्हता.

त्या रात्री मी नववा नियम बदलून लिहिला. 'नुसती कणकण असल्यास मुलास विचारावे, व त्याचे ऐकावे.' मोठ्या बाईंनी चष्मा खाली घेऊन तो वाचला. "हा नियम आहे की कविता?" म्हणाल्या. पण खोडला नाही.

*

माझ्या वर्गातली मुक्ता आजारी बाकावर सारखी यायची. आठ वर्षांची, दोन वेण्या, तोंडानं अखंड टकळी. सकाळी टवटवीत यायची आणि बारा-साडेबाराला तिचे डोळे तांबारायचे. मला कारण माहीत होतं. सकाळी गोळी दिली की ताप दबतो, दुपारी गोळी उतरली की पुन्हा चढतो. मी तिच्या आईला बोलावून घेतलं. चांगलं खडसवायचंच, असं ठरवून.

तिची आई औषधांच्या कारखान्यात बाटल्यांना लेबलं लावायची. कामावरच्या निळ्या झग्यातच धावत आली होती. मी नियमांकडे बोट दाखवलं.

"वाचलेत, बाई," ती हळूच म्हणाली. "तुमचं सगळं खरं आहे. पण रजा संपल्यात. नवरा पाळीत. शेजारच्या काकू गावाला गेल्यात. घरात हिच्याजवळ थांबायला कोण? एकटी ठेवण्यापेक्षा इथे तुम्ही तरी असता."

मी नियमांकडे रोखलेलं बोट खाली घेतलं. मी नियम लिहिले होते खरे, पण घरी थांबणारं माणूस कुठून आणायचं, हे त्यात कुठेच नव्हतं. मला एकदम माझी आई आठवली. मफलरची गाठ तिनं दोनदा सोडून पुन्हा बांधली होती.

"शाळेजवळ आमच्या शिपाईणबाई राहतात," मी म्हणाले. "त्यांची सासू दिवसभर घरी असते. पुढच्या वेळी मला आधी सांगा. गोळी देऊन पाठवू नका. आपण काहीतरी करू."

त्या बाईंनी पदरानं डोळे पुसले, मुक्ताला कडेवर घेतलं आणि गेल्या. एवढी मोठी मुलगी, पण तापात कडेवरच शोभते.

टकटक. मी वर पाहिलं. श्रीधर शिडीवर बसून राहिला होता, ब्रश सुकून गेला होता.

"अकरावा नियम बदलून सांगा," तो म्हणाला.

'घरी थांबण्यास कोणी नसल्यास शाळेस कळवावे, संकोच करू नये.' मी सांगत गेले, तो खडूनं आखत गेला.

"आणि बारावा?"

"आजार लपवू नये."

बोलून गेले, आणि माझा मलाच चटका बसला. दुसऱ्यांना सांगायला किती सोपं असतं सगळं! श्रीधर खडू हातात धरून माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, आत्ताच सांगावं. या माणसाला सांगावं. पण ते कार्ड आठवलं, आणि मी थर्मामीटर धुवायला उठले.

खरं सांगते, तोपर्यंत मला तो आवडायला लागला होता. नुसता नाही, चांगलाच. दुपारची सुटी व्हायच्या आधी मी वर्गात तीनदा घड्याळ बघायची. तो डब्यातली गुळाची पोळी अर्धी करून कागदावर ठेवायचा, आणि "जास्त झाली" असं खोटं सांगायचा. आणि जेवढा तो आवडायचा, तेवढीच मला त्याची भीती वाटायची. आज ना उद्या तो काहीतरी विचारणार, मला ऐकू येणार नाही, आणि त्याला कळणार...

*

पण मुक्तानं मला जे सांगितलं, ते भलतंच होतं.

गुरुवार होता. मुक्ताला पुन्हा थोडा ताप होता, पण या वेळी तिच्या आईनं सकाळीच चिठ्ठी पाठवली होती आणि शिपाईणबाईंची सासू तिला न्यायला येणार होती. आम्ही दोघी बाकावर बसलो होतो. शिडी रिकामी होती. श्रीधर आदल्या दिवसापासून आला नव्हता.

"बाई, तुमची पेंटरकाकांशी कट्टी आहे का?" मुक्तानं विचारलं.

"नाही गं. का?"

"मग ते बोलतात तेव्हा तुम्ही उत्तर का देत नाही?"

"देते की."

"एरवी देता. पण तुम्ही कपाट आवरता ना, तेव्हा देत नाही. ते रोज बोलतात आणि तुम्ही बघतसुद्धा नाही. मग ते हसतात आणि ब्रश धुतात."

कपाट. कपाटासमोर उभी राहिले की शिडी माझ्या डाव्या हाताला. मी रोज सुटी संपताना थर्मामीटर पुसून ठेवायची, कपाटाकडे तोंड करून. डावा कान त्याच्याकडे.

"काय..." मी तिच्याकडे पूर्ण वळले, "काय बोलतात गं?"

मुक्तानं तापलेल्या हातांनी वेणी सारखी केली. "म्हणतात, 'बाई, मला कणकण आहे. तुमच्या थर्मामीटरला नाही कळायची. विचाराल का, काय होतंय म्हणून?'" मग तिनं गंभीरपणे मला विचारलं, "बाई, एवढे दिवस कणकण असेल तर डॉक्टरकडे जायला पाहिजे ना?"

मी हसले, आणि हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हे मला कोणीतरी रोज सांगत होतं. रोज! आणि मी मान न वळवता थर्मामीटर पुसत होते. त्यानं काय समजावं? बाईला ऐकू जातंय आणि बाई दगडासारखी उभी आहे. नकार यापेक्षा वेगळा कसा असतो?

शुक्रवारी तो आला नाही. शनिवारीही नाही. भिंतीवरचा बारावा नियम खिडकीपाशी अडकला होता.

"आजार लपवू"

एवढाच. 'नये' पलीकडे यायचं राहिलं होतं.

"हा गेला बहुतेक काम टाकून," मोठ्या बाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. "जाता जाता शाळेला चांगला सल्ला देऊन गेला."

मी मात्र ठरवलं होतं. त्याला सांगायचं. कान जो आहे तो आहे, तो ऐकून त्यानं पाठ फिरवली तर फिरवू दे. पण मी त्याला नाही म्हटलं, असं वाटून तो गेला असेल, तर ते मला सहन होणार नव्हतं. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर मी बसमध्ये बसले.

*

कसबा पेठेतल्या तांबट आळीत शिरण्याआधीच तिचा आवाज येतो. तांब्यावर हातोड्या. इकडून टण्‌टण्‌, तिकडून टण्‌टण्‌, एकात एक मिसळलेले ठोके. मी अशा ठिकाणी कधी जात नसे. गोंगाटात माझा एकुलता एक कान पण कामाला येत नाही.

पण आळीत चार पावलं गेले आणि थांबले. इथे कुणी कुणाला हाक मारत नव्हतं. एक बाई दुकानाच्या पायरीवर आली, तिनं पायरीवर पळी दोनदा आपटली, आतल्या माणसानं मान वर केली, मगच ती बोलली, त्याच्या तोंडासमोर, ओठ नीट हलवून, हातानं दाखवून. पलीकडे एक म्हातारा दुसऱ्याच्या खांद्याला हात लावून मग बोलत होता. सगळी आळीच अशी बोलत होती. इथे मी वेगळी नव्हते. माझ्यासारखंच सगळं जग असतं, तर ते असं दिसलं असतं.

आणि ते टकटक! शिडीवरचं ते टकटक...

श्रीधरचं घर विचारत गेले. खाली दुकानात एक सत्तरीचे गृहस्थ पाणी तापवायच्या बंबाला ठोके देत बसले होते. मी समोर उभी राहिले. त्यांनी हातोडी खाली ठेवली. मी नाव सांगितलं, शाळा सांगितली. ते बोलले, पण शेजारच्या ठोक्यांत मला कळेना, आणि मी सवयीनं मान थोडी डावीकडे वळवली.

त्यांनी ते पाहिलं. बंबावर बोटानं दोनदा वाजवलं, मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांनी अगदी साधेपणानं, कुणी चहात साखर किती विचारावी तसं विचारलं,

"कोणत्या कानाशी बोलू, बाई?"

अठरा वर्षं मी ज्या प्रश्नाला घाबरत होते, तो हा एवढाच होता.

"उजव्या," मी म्हणाले.

ते उठले, माझ्या उजवीकडे येऊन उभे राहिले. "मी दत्तोबा. श्रीधरचा बाप. माझे दोन्ही गेलेत, त्यामुळे तुमचं बरं चाललंय म्हणायचं. तो म्हणाला होता मला, शाळेतल्या बाईंचा एक कान बंद आहे म्हणून. पण तुम्ही आत नका जाऊ. त्याला कांजिण्या आल्यात. या वयात! घोड्यासारखा झालाय आणि कांजिण्या." त्यांनी वर बोट दाखवलं.

तो म्हणाला होता? त्याला माहीत होतं?

मी वर पाहिलं. माडीच्या गजांमागे श्रीधर उभा होता. तोंडभर पुरळ, गळ्यापर्यंत चादर, हातात कडुनिंबाची डहाळी. मी आयुष्यात इतका वाईट दिसणारा आणि इतका आवडणारा माणूस पाहिला नव्हता. त्यानं डहाळीच्या देठानं गजावर दोनदा टकटक केलं. एवढ्या गोंगाटात ऐकू आलं नाही, पण दिसलं.

मग तो बोलला. आवाज न काढता, नुसते ओठ. ते वाचण्यात तर माझा हात कुणी धरू शकत नाही.

'वर येऊ नका. नियम सहा.'

सहावा नियम मीच लिहिला होता. कांजिण्यांच्या सगळ्या खपल्या सुकेपर्यंत घरी. मला आठवलं, पंधरा दिवसांपूर्वी चौथीतल्या एका मुलीला पुरळ दिसलं म्हणून बाकावर बसवलं होतं, आणि हा तिला हसवायला तिच्या हातातल्या खडूनं मांजर काढत बसला होता.

'मला लहानपणीच झाल्यात,' मीही नुसते ओठ हलवून सांगितलं.

'तरी नको. आई रागावेल. घरात फोडणीसुद्धा बंद आहे.'

मी माझ्या डाव्या कानावर बोट ठेवलं. 'याला ऐकू येत नाही.'

'माहितीय. पहिल्या दिवसापासून. टपरीवर तुम्ही सबंध वळलात माझ्याकडे. बाबा वळतात तशा.'

'मग रोज तिकडूनच का बोलायचात?'

त्यानं नजर हातातल्या डहाळीकडे वळवली. मी खालून बोट रोखलं. 'माझी थट्टा करत होतात?'

त्यानं जोरात मान हलवली. चादर पडली, ती त्यानं सावरली. आणि मग जरा वेळ लावून, एकेक शब्द मला कळेल असा, तो म्हणाला, 'थट्टा नाही. उजवीकडून बोलायला धीर होत नव्हता. तुम्ही नाही म्हणाल असं वाटायचं. डावीकडून सांगितलं की... सांगून झाल्यासारखं वाटायचं. घरी जाऊन झोप लागायची.'

आळीत ठोके चालू होते. पन्नास माणसं आजूबाजूला काम करत होती आणि कुणालाही एक शब्द ऐकू येत नव्हता. फक्त आम्हा दोघांना.

'मला मुक्तानं सगळं सांगितलं,' मी म्हणाले.

त्यानं कडुनिंबाची डहाळी तोंडासमोर धरली. पण डहाळीला पानं फार नव्हती.

'आणि उत्तर?' डहाळीमागून त्याचे ओठ हलले.

'खपल्या पडू देत,' मी म्हणाले. 'नियम मोडून काही ऐकणार नाही मी.'

खाली दत्तोबा आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होते. या आळीत जन्म गेलेला माणूस. त्यांनाही ओठ वाचता येत असणार, हे माझ्या लक्षात आलं, आणि मी पळ काढला.

*

सोमवारी मी मोठ्या बाईंच्या खोलीत गेले आणि पूर्ण हजेरीचा बिल्ला बंद करा, असं म्हणाले. हे मी पूर्वीही म्हटलं होतं. पण या वेळी त्यांनी "का?" विचारल्यावर खरं कारण सांगितलं. गालगुंड, मफलर, कान, सगळं.

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला. "तरीच," म्हणाल्या. "पाच वर्षं सभेत माझी बोलणी बरोबर त्या बाजूनं सोडून द्यायचीस. मला वाटायचं, शहाणपणा आहे." आणि बिल्ल्यांचा डबा कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर ठेवून दिला.

आईला सांगणं जास्त कठीण गेलं. श्रीधरबद्दल नव्हे, त्याचं पुढे पाहू. मी तिला सांगितलं की यापुढे मी सतरंजीच्या टोकाला बसणार नाही. मग तिच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाले, "आई, मफलरचा हट्ट माझा होता गं." तिनं माझ्या डाव्या कानावरून हात फिरवला. अठरा वर्षांत पहिल्यांदा.

बारा दिवसांनी दुपारी पायाखालच्या फरशीला हादरा बसला. टकटक.

शिडी आता रिकामी नव्हती. शिडीवर श्रीधर होता, जरा वाळलेला, गालावर दोन-तीन पुसट डाग. त्यानं माझ्या डोळ्यांदेखत खिडकीच्या पलीकडे 'नये' लिहिलं. शेड दिली नाही. दोन मिनिटांत काम संपलं. मग तो खाली उतरला, शिडी उचलून कपाटाच्या बाजूला ठेवली आणि आजारी बाकावर येऊन बसला. माझ्या उजवीकडे.

मी थर्मामीटर झटकला आणि त्याच्या तोंडात दिला. दोन मिनिटं घड्याळ बघितलं. बाहेर ऊन-पावसाचा खेळ चालला होता आणि त्याच्या सदऱ्याला टर्पेंटाइनचा वास येत होता. मी पारा बघितला.

"साडेअठ्ठ्याण्णव. ताप नाही तुम्हाला."

"ताप नाहीच म्हणत मी," तो म्हणाला. "नियम नऊ बघा."

मी भिंतीकडे पाहिलं. माझेच शब्द, त्याचं अक्षर. मी नियमाप्रमाणे विचारलं,

"काय होतंय?"

आणि उत्तर येईपर्यंत थांबले.

तो माझ्या उजव्या कानाशी वाकला आणि त्यानं सांगितलं. साधे तीन-चार शब्द. ते काय होते, ते मी इथे लिहिणार नाही. पण त्यातलं अक्षर न्‌ अक्षर मला लख्ख ऐकू आलं.

आयुष्यभर मी न ऐकलेलं ऐकल्यासारखं करत आले होते. त्या दुपारी पहिल्यांदा उलटं केलं. मान त्याच्याकडे वळवली, भुवया वर केल्या आणि म्हणाले,

"काय म्हणालात? नीट ऐकू नाही आलं... पुन्हा सांगा ना."